लाल काचेतला पाचचा आकडा

मी बत्तीस वर्षं मुंबई बंदरात पाण्याची उंची लिहिली. भरती-ओहोटीच्या खांबावर पाणी किती फूट किती इंच आलं ते दर तासाला पाहायचं आणि वहीत मांडायचं, हे माझं काम होतं. त्याला हुशारी लागत नाही. डोळे नीट लागतात आणि आळस चालत नाही. खाडाखोड तर मुळीच चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा लिहून सही करायची. एखादी नोंद राहूनच गेली तर ती मागाहून मधल्या जागेत घुसडायची नाही. शेवटच्या ओळीखाली लिहायची आणि पुढे 'उशिरा' असा शब्द घालायचा. बत्तीस वर्षांत मी 'उशिरा' तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा घरात आजारपण होतं.

चौथ्यांदा लिहिलं ते नोकरी सुटल्यावर, दुसऱ्याच एका वहीत. त्याची ही हकिगत.

पंचावन्न पुरी झाल्यावर मी पेन्शनीत निघालो. ठाण्याला नौपाड्यात आमच्या दोन खोल्या आणि एक अडगळीची खोली. मुलीचं लग्न होऊन ती नगरला, मुलगा नोकरीनिमित्त नागपूरला. घरात मी आणि माझी पत्नी. सकाळी तलावापर्यंत फेरी, मग बाजार, दुपारी वाचन, संध्याकाळी कुणी आलं तर गप्पा. रविवारी देऊळ. आम्ही ख्रिस्ती लोक, पण नगरकडच्या आमच्या जुन्या माणसांना चर्च हा शब्द कधी जवळचा वाटला नाही. आम्ही देऊळच म्हणतो. ठाण्यातलं देऊळ लहान, साठ-सत्तर माणसांचं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला.

माझा एक मित्र कल्याणला राहायचा. नगरच्या मिशन बोर्डिंगात आम्ही एका खोलीत सात वर्षं काढली होती. तो पुढे शाळेत भूगोल शिकवू लागला आणि सगळे त्याला मास्तर म्हणू लागले. मीही म्हणायचो. तो मला 'साहेब' म्हणायचा, कारण मी आयुष्यात कधी साहेब झालो नाही. तोही माझ्याच वर्षी निवृत्त झाला. कल्याणात त्याचं स्वतःचं बैठं घर होतं, पुढे मोठं अंगण, अंगणाची भिंत चुन्याने रंगवलेली, कोपऱ्यात जास्वंद. दर रविवारी नवरा-बायको गाडीने ठाण्याला देवळात यायचे आणि उपासनेनंतर आमच्याकडे जेवून परत जायचे.

आम्ही दोघांनी मिळून एक कॅमेरा घेतला. घडीचा, भात्याचा, एका रोलवर आठ फोटोंचा. एक महिना तो माझ्याकडे राहायचा, एक महिना मास्तरकडे. रोल मात्र मीच धुवायचो, कारण अडगळीच्या खोलीच्या खिडकीला काळा कागद डकवून मी तिथे सोय केली होती.

त्या कॅमेऱ्याच्या पाठीला एक छोटी गोल लाल काच होती. आत फिल्मच्या कागदावर आकडे छापलेले. किल्ली फिरवली की फिल्म पुढे सरकायची आणि काचेत पुढचा आकडा यायचा. किल्ली कधी फिरवायची यावर आमचं पहिल्या महिन्यापासून वाजलं. मी फोटो काढण्याच्या आधी फिरवायचो. फिल्म ताणून ठेवली की आपल्याकडच्या दमट हवेत तिला फुगवटा येतो, म्हणून ती ऐन वेळी ओढावी, असं माझं म्हणणं. मास्तर फोटो काढून झाला की लगेच फिरवायचा. पक्षी काही थांबत नाही, तुझी किल्ली फिरेपर्यंत तो आसनगावला पोचतो, असं त्याचं म्हणणं. म्हणजे काचेत पाच दिसला तर माझ्या हिशेबाने पाच नंबर झालेला असायचा, आणि त्याच्या हिशेबाने तो अजून कोरा असायचा.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. एका नाताळात मी देवळापुढे सगळ्या मंडळीचा फोटो काढला आणि माझ्या नियमाप्रमाणे किल्ली न फिरवता कॅमेरा मास्तरला दिला. त्याने तो खडवलीला नदीवर नेला आणि त्याच्या नियमाप्रमाणे, किल्ली न फिरवता, दगडावर बसलेल्या खंड्यावर खटका दाबला. रोल धुतल्यावर पाहतो तर खंड्या आमच्या पाळकसाहेबांच्या डोक्यावर बसलेला, चोच देवळाच्या मुख्य पंचांच्या कानाकडे. देवळात ती कॉपी हातोहात फिरली. पाळकसाहेब स्वतः हसले. मास्तरची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, फोटो लांब धरून म्हणाल्या, "भावोजी, शास्त्रात आत्मा कबुतराच्या रूपाने उतरला. हा खंड्या कुठून उतरला?"

त्यानंतर मी वही केली. कॅमेऱ्याच्या चामड्याच्या पेटीत मावेल अशी. प्रत्येक फोटोचा नंबर, जागा, वेळ, उजेड लिहायचा. कॅमेरा कुणीही हातात घेतला की आधी वही पाहायची, मग खटका. हा नियम मी घातला आणि मास्तरने मान्य केला. आपापल्या सवयी मात्र आम्ही सोडल्या नाहीत. वहीमुळे पुढे वर्षभर एकही फोटो बिघडला नाही.

मास्तरला डोंगर, नद्या, पक्षी यांचे फोटो आवडायचे. माणसांचा त्याला कंटाळा. वहिनींचा एकटीचा फोटो त्याने कधी काढला नव्हता आणि त्यांनीही कधी मागितला नव्हता. लग्नातला एक होता, तोही घरच्या पाण्याच्या गळतीत गेला. माझ्या पत्नीने एकदा त्यावरून मास्तरला टोकलं होतं. भाऊजी, तुमच्याकडे बगळ्यांचे अकरा फोटो आहेत, मी मोजलेत, असं ती म्हणाली. वहिनी म्हणाल्या होत्या की बगळे पांढरे असतात, त्यांचा चांगला येतो.

पुढचा नाताळ होऊन महिना-सव्वा महिना झाला होता. कॅमेरा मास्तरकडे होता. सोमवारी त्याचं पत्र आलं, घरात ताप आहे, रविवारी येणं झालं नाही. पुढच्या रविवारीही ती दोघं आली नाहीत. मी आणि पत्नी जाऊन आलो. विषमज्वर होता. वहिनी ओळखत होत्या, बोलत नव्हत्या. एकोणिसाव्या दिवशी सकाळी त्या गेल्या. निरोप आला तेव्हा पत्नी भाकऱ्या करत होती. तिने तवा उतरवला आणि आम्ही निघालो.

आमच्या लोकांत एक पद्धत आहे. प्रेतपेटी बंद करण्याआधी ती उजेडात आणून फोटो काढतात. पेटी डोक्याच्या बाजूने थोडी उचलून धरतात म्हणजे चेहरा दिसावा, आणि घरची माणसं मागे उभी राहतात. नगर, जालना, सोलापूर अशी माणसं विखुरलेली. ज्यांना येता येत नाही त्यांना तो फोटो पाठवायचा असतो. तो काढायचं काम त्या दिवशी माझ्याकडेच येणार होतं. दुपारी चारच्या सुमाराला पेटी अंगणात आणली, दोन बाकांवर ठेवली, पांढऱ्या भिंतीपुढे. मास्तरने आतून कॅमेऱ्याची पेटी आणून माझ्या हातात दिली आणि जाऊन माणसांमध्ये उभा राहिला.

मी कॅमेरा उघडला. लाल काचेत पाच दिसला. कॅमेरा महिनाभर मास्तरकडे होता. मास्तर नंतर किल्ली फिरवतो. म्हणजे पाच कोरा. एवढा हिशेब मी मनात केला. वही कॅमेऱ्याच्या पेटीच्या कप्प्यात होती, माझ्या बोटांना तिचा पुठ्ठा लागलाही. पण पन्नास माणसं उभी होती, पाळकसाहेब हातात पुस्तक धरून थांबले होते, आणि प्रेतपेटीशेजारी उभं राहून वही चाळणं मला बरं वाटेना. मी खटका दाबला. मग किल्ली फिरवून सहावर आणली आणि पुन्हा एक काढला, कारण असा फोटो नेहमी दोनदा काढावा.

दफनावरून परत आल्यावर मी कॅमेरा ठाण्याला आणला. घरी नोंद करायला वही उघडली. एक ते चार खडवलीचे होते. त्याखाली मास्तरच्या अक्षरात होतं: "५. ही. अंगण. सकाळी ९. चांगलं ऊन. किल्ली फिरवलेली नाही, साहेबांच्या नियमाप्रमाणे."

मी ती ओळ किती वेळा वाचली ते मोजलं नाही.

वर्षभर वाद घालून शेवटी त्याने माझं ऐकलं होतं, तेही नेमकं त्या दिवशी. आणि मी, माझा नियम बाजूला ठेवून, त्याच्या सवयीवर विसंबलो होतो.

चार दिवसांनी दुपारी मी अडगळीच्या खोलीत रोल धुवायला घेतला. तांबड्या कागदाचा कंदील लावला. फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरून ती डेव्हलपरच्या थाळीतून खाली-वर ओढायची असते, तिचं अंग हळूहळू काळं होत जातं. खडवलीचे दगड आले, पाणी आलं. पाचव्या चौकटीत आधी भिंत आली, मग तिच्यापुढे एक उभी बाई, मग तिच्या गुडघ्यांच्या उंचीवर आडवी पेटी. मी ओढत राहिलो. मध्ये थांबलं तर डाग पडतो.

चित्र पक्कं करणाऱ्या हायपोतून काढून, धुऊन, फिल्म दोरीला लावली. संध्याकाळी वाळल्यावर पाचव्या नंबरची कॉपी काढली. ती मी अजून नीट सांगू शकतो.

वहिनी अंगणात उभ्या आहेत. डोक्यावर पदर, हात पदरात गुंडाळलेले, कपाळाला किंचित आठी आणि तोंडावर हसू. त्यांच्या अंगातून मागची माणसं दिसतात, पण पुसट, भिंतीला ओल यावी तशी. त्यांच्या गुडघ्यांतून पेटी जाते. जणू त्या पेटीतच उभ्या आहेत. मास्तरने सूर्य उजव्या खांद्यामागे धरला होता, मी शिकवला होता तसा. नऊचं ऊन तिरपं, त्यामुळे त्याची स्वतःची सावली डाव्या बाजूने पुढे आली आहे, दहाएक फूट लांब, टोपीसकट, कॅमेरा धरलेल्या दोन्ही कोपरांसकट. जिथे ऊन होतं तिथे फिल्म त्याच्या पहिल्या खटक्यालाच भरून गेली, म्हणून माझं चित्र तिथे धड उमटलं नाही. जिथे त्याची सावली होती तिथे फिल्म जवळजवळ कोरी होती. आणि पेटीतला चेहरा नेमका त्या जागी आला. सबंध फोटोत तेवढाच भाग स्वच्छ आहे. मास्तरच्या सावलीच्या आत मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा, हनुवटीखाली फुलं.

पत्नी कंदिलात तेल घालायला आली आणि तिने ती कॉपी पाहिली. मग तिने विचारलं, हा मास्तरांना कधी नेऊन देणार. मी म्हणालो, हे कुणाला देण्यासारखं आहे का.

"त्यांची बायको आहे," ती म्हणाली. "ते ठरवतील."

सहा नंबर चांगला आला होता. त्याच्या मी आठ कॉप्या काढल्या. वहीत लिहिलं: "६. अंगण. दुपारी ४. सावली." पाचच्या दुसऱ्या खटक्याबद्दल काहीच लिहिलं नाही. खोटा आकडा लिहिला नाही, एक नोंद गाळली, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या हाताखालच्या माणसाने हे उत्तर दिलं असतं तर मी त्याला उभं केलं नसतं.

पुढच्या रविवारी मास्तर देवळात आला. दारातच त्याने मला बाजूला घेतलं. पेटीच्या फोटोंचं त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं, "पाच कसा आलाय?"

मी म्हणालो, "पाच आला नाही. कोरा राहिला."

"कोरा?"

"उजेड कमी पडला असेल. खटका पुरा उघडला नसेल."

त्याने मान हलवली. बरं, असं म्हणाला आणि आत जाऊन बसला. त्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला आला नाही. पुढे सहा महिने तो देवळातच आला नाही. कॅमेऱ्याची त्याची पाळी आली तेव्हा त्याने कळवलं की तूच ठेव, माझ्या हातून बिघडतो.

त्या सहा महिन्यांत मी काय करत होतो तेही लिहिलं पाहिजे. मी फोटो काढत होतो. देवळातल्या रविवारच्या शब्बाथशाळेच्या मुलांचा काढला, एका लग्नाचा काढला. पण लाल काचेत पाच आला की माझा हात थांबायचा. मी वही पाहायचो, पुन्हा पाहायचो, तरी भरवसा वाटायचा नाही, आणि पाच सोडून मी सहावर जायचो. पाच रोलांत पाच फोटो कोरे सोडले. ते धुताना त्या कोऱ्या चौकटीत काही उमटतं का, हे मी कंदिलापाशी नेऊन बघायचो. तिथे काही असणार नाही हे मला माहीत होतं. तरी बघायचो. ती निगेटिव्ह आणि कॉपी मी पत्र्याच्या डब्यात ठेवली होती, अडगळीच्या खोलीत वरच्या फळीवर. पत्नी त्या खोलीत जायची बंद झाली. तिला लागणारी लोणच्याची बरणी ती मला आणायला सांगायची.

एकदा जेवताना ती म्हणाली, "इंचाइंचाचं पाणी लिहिलंत तुम्ही. एक ओळ लिहवत नाही?"

मी म्हणालो, त्याला ते बघवायचं नाही. हे मी त्याच्यासाठी म्हणत होतो की माझ्यासाठी, ते मला तेव्हाही माहीत होतं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकांवरून हातोहात पुढे जातं. ज्याच्या मनात कुणाविषयी किंवा स्वतःविषयी काही अडलं असेल त्याने न घेता ताट पुढे द्यावं, असा रिवाज. कुणी विचारत नाही. पण सगळ्यांना दिसतं. मी या महिन्यांत दर वेळी तुकडा घेत होतो. हेही लिहून ठेवतो.

सहा महिन्यांनी मास्तर परत यायला लागला. वाळला होता. माझ्या शेजारीच बसायचा, पूर्वीसारखा. पहिल्या रविवारी ताट आलं. मी घेतलं, त्याच्याकडे दिलं, आणि त्याने ते तसंच पुढे दिलं. मला वाटलं, दुःख आहे, जाईल. पुढच्या महिन्यात त्याने तसंच केलं. तिसऱ्या महिन्यात त्याने ताट पुढे देताना माझ्या हाताकडे पाहिलं, हातातल्या तुकड्याकडे. तो तुकडा मी खाल्ला, पण चौथ्या महिन्यापासून मीही ताट पुढे देऊ लागलो. एका बाकावर दोन म्हातारे शेजारी शेजारी, ताट दोघांच्या हातांवरून निघून जायचं.

असे आणखी चार महिने गेले. ईस्टर येऊन गेला. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी उपासना झाल्यावर तो माझ्याबरोबर नौपाड्याकडे चालत आला. पत्नी बायकांबरोबर पुढे गेली होती. वाटेत तो आपण होऊन बोलायला लागला. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना असं काही सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी वहिनीच त्याला म्हणाल्या होत्या, आज माझा एक काढा. त्याला आश्चर्य वाटलं. तो कॅमेरा घेऊन आला, अंतर मोजलं, सूर्य कुठे आहे ते पाहिलं, जास्वंदीची फांदी मध्ये येत होती ती बांधली. एवढ्यात दहा मिनिटं गेली. वहिनी उन्हात उभ्या होत्या. लवकर काढा, डोकं दुखतंय, असं त्या दोनदा म्हणाल्या.

"आणि मी काय म्हणालो माहीत आहे?" मास्तर म्हणाला. "हलू नकोस. शेवटचं धड बोलणं तेवढंच झालं. दुपारपासून ताप."

मी म्हणालो की विषमज्वर उन्हाने येत नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"ते मला कळतं. मी शिकवलंय ते." तो थोडा वेळ चालला. "फोटो आला असता तर म्हटलं असतं, चला, याच्यासाठी तरी तिला उभी केली. तोही घालवला. दुखऱ्या डोक्याने तिला ताटकळत ठेवली, आणि खटकासुद्धा नीट दाबला नाही. मग त्या ताटाला हात कसा लावू?"

आम्ही घराशी आलो होतो. पत्नीने दारातून आमच्याकडे पाहिलं. जेवतानाही मी त्याला खरं सांगितलं नाही. तिने वाढता वाढता माझ्या पानाकडे पाहिलं, मी अर्धंच जेवलो होतो, आणि तिने आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा काढला. निगेटिव्ह, कॉपी आणि वही पिशवीत घातली. पत्नी म्हणाली, मी येऊ का? मी नको म्हणालो. ती म्हणाली, छत्री न्या, ऊन आहे. मी नेली नाही.

कल्याणला पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. मास्तर ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. अंगणात ऊन होतं. मी त्याला बसूनच सांगणार होतो, पण बसायच्या आधीच सांगून टाकलं. पाच आला होता. तू बरोबर काढला होतास. त्यावर दुसरा मी काढला, वही न पाहता. आणि तुला खोटं सांगितलं. एवढी चार वाक्यं मी गाडीत पाठ केली होती.

त्याने हात पुढे केला. मी कॉपी दिली.

तो पाहत राहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, अंगणाकडे पाहिलं. दहा फुटांवर, ओट्याच्या पायरीसमोर, वहिनी उभ्या होत्या ती जागा होती. तिथे काही नव्हतं. जमीन सारवलेली होती.

शेवटी तो म्हणाला, "ही सावली माझी."

"हो."

"टोपी घातली होती मी." त्याने बोट सावलीवर ठेवलं, मग काढलं, कारण बोटाखाली चेहरा होता. "आली होती म्हणजे. हसतेय."

"हो."

"आठी पण आहे." मग त्याने विचारलं, "हे दोन वेगळे करता येतात?"

मी म्हणालो, नाही. एका फिल्मवर आहेत, एकाला काढलं की दुसरंही जाईल.

"नको करूस," तो म्हणाला.

त्याने वही मागितली. आपली ओळ वाचली, माझी ओळ वाचली. एक ओळ गाळली आहे हे त्याच्या लगेच लक्षात आलं. माझ्या ऑफिसच्या गोष्टी त्याने तीस वर्षं ऐकल्या होत्या. त्याने खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"साहेब, राहिलेली नोंद कशी करतात तुमच्यात?"

मी शेवटच्या ओळीखाली लिहिलं: "५. पुन्हा. अंगण. दुपारी ४. वही पाहिली नाही. उशिरा." आणि सही केली. त्याने वही घेतली, तारीख घाल म्हणाला. मी घातली. चौदा महिन्यांचा उशीर होता.

मला वाटत होतं तो रागावेल, म्हणजे बरं वाटेल. तो रागावला नाही. चहा करतो म्हणाला आणि आत गेला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी थांबलो. शेवटी आतून त्याचा आवाज आला की आज तू जा, निगेटिव्ह ठेवून जा. मी ती खुर्चीवर ठेवली, वरून वाऱ्याने उडू नये म्हणून चष्म्याचं घर ठेवलं, आणि निघालो.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट आलं. ते त्याच्याकडून माझ्याकडे येत होतं. त्याने एक तुकडा घेतला आणि ताट माझ्या हातात दिलं. मी घेतो की नाही ते त्याने पाहिलं नाही. त्याचे डोळे मिटलेले होते. मी घेतला.

याला आता तीन वर्षं होत आली. कॅमेरा पुन्हा महिन्याआड कल्याणला जातो. किल्ली आधी फिरवायची की नंतर यावर आम्ही आता बोलत नाही. दोघंही वही पाहतो.

तो फोटो मास्तरने फ्रेम करून ओट्यावरच्या भिंतीला लावला आहे. आलेली माणसं एकदा पाहतात आणि दुसरीकडे बघून बोलायला लागतात. एका नातेवाइकाने काढून ठेवायला सांगितलं, त्यावर मास्तर म्हणाला की माझ्याकडे एवढा एकच आहे. मी गेलो की मला नेहमी त्या फोटोसमोरचीच खुर्ची मिळते. तो मुद्दाम ठेवतो असं नाही. त्याच्याकडे दोनच खुर्च्या आहेत आणि दुसरीवर तो बसतो. मी बसतो आणि पाहतो. उन्हात उभा असलेला चेहरा आणि सावलीत निजलेला चेहरा, दोन्हींमध्ये कॉपीवर पाऊण इंच अंतर आहे. मी एकदा मोजलं आहे.

अंगणातल्या त्या जागेवर मास्तर काही ठेवत नाही. वाळवण घालत नाही, पाण्याची बादली ठेवत नाही. फाटकातून ओट्याकडे येताना तो थोडा डावीकडून वळसा घेतो. केव्हापासून ते सांगता येत नाही, पण मीही तसाच येतो. सकाळी नऊच्या सुमाराला दूधवाली येते. ती फाटकातून सरळ चालत येते, त्या जागेवरून, आणि पायरीशी चरवी टेकवते. तेवढ्यात आम्ही दोघंही बोलता बोलता थांबून मान वर करतो. ती पलीकडे आली की पुन्हा बोलायला लागतो.